विमलाबाईंचा गुडघा आणि कॅनडाचा कप्तान

...आणि वर मलाच विचारतात, "कुंडलिकराव, तुम्ही सहदेवला अडवलं का नाही?" अहो, कसा अडवणार? माणूस भर जिन्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलाय, नाकावर चष्मा, मांडीवर ते पाटीएवढं पुस्तक वाचायचं यंत्र, वरच्या पायरीवर त्याची बायको कठडा धरून उभी, आणि हा तिला कॅनडातल्या कुठल्यातरी पोराच्या प्रेमाची गोष्ट मालवणीत सांगतोय... यात मध्ये पडायचं कोणी? सेक्रेटरीनं? सेक्रेटरी स्वतः तिसऱ्या पायरीवर रुमाल टाकून बसले होते, ऐकत. तुम्हाला सांगतो, त्या हॉकीच्या प्रेमकथांनी आमच्या बिल्डिंगची पार वाट लावली. आणि हॉकी तरी कसली? आपली मैदानातली, घामाची, चिखलाची? छे. बर्फावरची. बर्फावर हो, बर्फावर.

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्याकडे सगळेच सटकलेत. मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, 'यंदा नक्की' ऐकत ऐकत आमचे केस गेले. तळमजल्यावर मी आणि माझ्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, सहदेव घाडीगावकर. मूळचा मालवणकडचा. बाप गिरणीत, हा गिरणीत, आणि गिरणीच्या हॉकी टीममध्ये फुलबॅक. उंची पाच फूट तीन, पण समोरून येणारा याला वळसा घालून जायचा म्हणे. गिरणी बंद पडली, टीम गेली, सहदेव भांडुपच्या एका कंपनीत स्टोअरला लागला आणि तिथूनच रिटायर झाला. माणूस सोनं. पण बोलायचं म्हणजे... मी याच्याबरोबर इतकी वर्षं कॅरम खेळतोय, एका संध्याकाळी हा तीन शब्द बोलतो. बसताना 'बस', मध्ये 'खेळ', आणि निघताना 'येतंय'. चौथा शब्द ऐकलात तर समजायचं घरी पाहुणे आलेत.

विमलाबाई त्याच्या उलट. आयुष्य टेलिफोनच्या ऑफिसात गेलं, ऑपरेटर. इंग्रजी असं की समोरचा साहेब आपोआप उभा राहील. आणि पाय? पाय घरात टिकायचेच नाहीत. भाजी, बँक, महिला मंडळ, कोणाचं बाळंतपण, कोणाचं मयत, सगळीकडे विमलाबाई पुढे. मग एक गुडघा गेला. एवढा गेला की पायरी चढताना या बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती म्हणायची, "काही नाही हो, कांदा कापत होते." जिन्यात कसला कांदा? शेवटी मुलानं, नितेशनं, ऑपरेशन करून घेतलं. नवा गुडघा बसला. डॉक्टर म्हणाले, झकास बसलाय, आता चालायचं.

आणि इथं घात झाला. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात सहदेव त्यांना हात धरून पॅसेजमध्ये चालवत होता, बेल वाजली, आणि या भल्या माणसानं काय करावं? हात सोडला आणि दार उघडायला गेला. कुरिअरवाला होता हो, दुसऱ्या विंगचा पत्ता विचारायला. इकडे विमलाबाई धाडकन खाली.

लागलं काही नाही. फोटो काढला, गुडघा जागच्या जागी. पण त्या दिवसापासून विमलाबाई पलंगाला ज्या चिकटल्या त्या चिकटल्या. बाथरूमपर्यंत वॉकर घेऊन, तेही सून बरोबर असेल तरच. सहदेवनं हात पुढे केला की म्हणायच्या, "राहू द्या, अक्षता येईल." बस, एवढंच. भांडल्या असत्या, दोन शिव्या घातल्या असत्या तर सहदेव सुटला असता. त्या भांडल्याच नाहीत. आणि हा बाबा, आधीच मुका, तो आणखी मुका झाला. कॅरमवर यायचा तर 'बस' पण म्हणेना. नुसता बसायचा.

व्यायाम करून घ्यायला प्रियंका नावाची एक पोरगी यायची, फिजिओथेरपिस्ट, भांडुपहून स्कूटरवर. गोड पोरगी, पण स्पष्ट. एक दिवस सहदेवला बाहेर बोलावून म्हणाली, "काका, काकू पायच वाकवू देत नाहीत. आत्ता नाही वाकवला तर गुडघा आखडेल. मग पुन्हा भूल देऊन डॉक्टरांना वाकवावा लागतो, आणि तरी पूर्ण येईल याची गॅरंटी नाही. जिना तर विसराच." जिना विसरा? लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये? म्हणजे विमलाबाई जन्मभर पहिल्या मजल्यावर? जी बाई दुपारी दोनलासुद्धा घरात सापडायची नाही, ती? सहदेव त्या दिवशी माझ्याकडे आला, बोर्डासमोर बसला आणि स्ट्रायकर हातात धरून तसाच बसून राहिला. मी विचारलं, काय रे? तर म्हणाला, "हात सोडलंय मी तिचो." एका दमात चार शब्द. मी बोर्ड उचलून ठेवला.

आता यात हॉकी कुठून आली, म्हणाल. सांगतो ना.

सून अक्षता ऐरोलीला कंपनीत. सासूचा दिवस सरावा म्हणून तिनं आपलं ते वाचायचं यंत्र दिलं. "आई, यात भरपूर पुस्तकं आहेत, टाइमपास होईल." बिचारीनं काढून ठेवलं होतं एक सभ्यसं, कौटुंबिक काहीतरी. पण यंत्र तिचं, आत तिचा सगळा खजिना, आणि विमलाबाई ऑपरेटर बाई... कुठली वायर कुठे जाते ते त्यांना कोणी शिकवायचं? संध्याकाळी अक्षता घरी येते तर सासू उशाला टेकून, चष्मा वर सरकवून विचारतेय, "अगं, हा कप्तान त्या डॉक्टरीणबाईशी इतका तुसडेपणानं का वागतो?" पोरीचा चेहरा असा झाला म्हणतात की नितेशला वाटलं हिला नोकरीवरून काढली.

तर ही गोष्ट अशी, ऐका. कॅनडात एक हॉकीची टीम. टीमचा कप्तान सहा फूट चार इंच, खांदे दारात न मावणारे, भुवईवर व्रण, कोणाशी धड बोलत नाही. नुसता गुरगुरतो. आणि त्या टीमला नवी डॉक्टरीण येते, ठेंगणी, बडबडी, कायम हातात कॉफी आणि ती कायम कोणाच्या तरी अंगावर सांडणारी. ती कप्तानाच्या अंगावर सांडते. तो गुरगुरतो. ती घाबरत नाही. झालं, तिथून पुढे चारशे पानं. आणि हे सगळं कुठे? तर बर्फावर. पायात सुऱ्या लावलेले बूट, हातात काठ्या, आणि चेंडू? चेंडू नाहीच मुळी. काळी रबराची चकती, आपल्या कॅरमच्या स्ट्रायकरची थोरली बहीण.

विमलाबाई रंगल्या. भेटायला येईल तिला गुडघ्याचं सांगणं बंद, कप्तानाचं चालू. आणि स्वयंपाकघरात चहा टाकताना सहदेवच्या कानावर काय पडावं? "काय माणूस आहे गं. बोलत नाही फार. पण तिला थंडी वाजली की न सांगता आपला कोट तिच्या अंगावर टाकतो."

बोलत नाही फार... म्हणजे हे कौतुक? सहदेवच्या हातात चहाचं भांडं तसंच. तुम्ही त्याच्या जागी उभे राहून बघा. हा माणूस लग्न झाल्यापासून बोलत नाही फार. आणि त्याबद्दल त्यानं लग्न झाल्यापासून बोलणी खाल्ली. 'तोंडात मिठाची गुळणी धरलीय का', 'भिंतीशी संसार केला असता तर तिला निदान पोपडे तरी आले असते'... सगळं ऐकलंय मी, माझं छत म्हणजे त्यांची फरशी. आणि तोच गुण सहा फूट चार इंचात गेला की त्याला चारशे पानं?

बरं, दुसरं एक प्रकरण. कप्तान आणि डॉक्टरीण परगावी मॅचला जातात, बाहेर बर्फाचं वादळ, हॉटेलात एकच खोली शिल्लक, आणि खोलीत... एकच पलंग. विमलाबाईंनी हे सांगितलं तेव्हा सगळ्या बायका 'अगंबाई' करून पुढे सरकल्या. एकच पलंग. आता यात एवढं काय आहे, तुम्ही मला सांगा. मुंबईत एकच पलंग म्हणजे काय अघटित आहे का? सहदेवचं लग्न झालं तेव्हा करी रोडच्या त्यांच्या खोलीत पलंग एक आणि माणसं नऊ. आई-बाप, भाऊ, गावाहून आलेला एक मामा, आणि पलंगाखाली पंपस्टोव्ह. तिथं कोणाच्या काळजात धडधड झाली नाही. झाली असेल तर ती मामाच्या घोरण्यात ऐकू आली नाही. म्हणून म्हणतो, ही पुस्तकं वाचायला गोड, पण माणसाला घरातल्या पलंगाकडे संशयानं बघायला लावतात.

आणि फक्त सहदेवला नाही हं. दुसऱ्या मजल्यावरच्या नंदूची बायको दर्शना, ती पण ऐकायला यायची. त्या कप्तानाची एक लकब आहे, हाताची घडी घालून दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो आणि डॉक्टरणीकडे बघतो. नुसता बघतो. दर्शना घरी जाऊन नंदूला म्हणाली, "तुम्ही कधी असे टेकून उभे राहिलात का?" नंदू गरीब माणूस, राहिला टेकून. चौकटीला त्याच दिवशी ऑइलपेंट दिला होता. आज पण तो शर्ट गॅलरीत वाळत घातलेला दिसतो, एका बाजूनं चॉकलेटी.

सहदेवनं काही दिवस सोसलं. मग त्यानं ठरवलं, शत्रू बघून घ्यायचा. दुपारी विमलाबाईंचा डोळा लागला की हा ते यंत्र उचलायचा आणि बाहेरच्या खोलीत. इंग्रजी त्याला येतं, पेपरचं मागचं खेळाचं पान तो रोज वाचतो, सावकाश, ओठ हलवत. अक्षरं मोठी करायचं बटन त्याला सापडलं, मग एका पानात सात-आठच ओळी मावायच्या, पण तो रेटत राहिला. आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन तक्रारी. तुम्हाला सांगतो, तीन शब्दांचा माणूस, त्याला कंठ फुटला.

"कुंडलिक, ही हॉकी नाय रे. ह्येंच्यात मारामारी करतत. हातमोजे काढून, समोरासमोर. आणि अंपायर बघत उभो."

मी म्हटलं, मग शिक्षा नाही?

"हा ना. एका पिंजऱ्यात नेऊन बसवतत, दोन-पाच मिनिटां. शाळेत कोपऱ्यात उभा करतत तसा. मगे परत सोडतत." जरा थांबला, सोंगटी मारायची विसरून म्हणाला, "आमच्या टैमाक असतो पिंजरो, तर मी त्येच्यातच ऱ्हवलो असतंय."

आणि हसला. सहदेव हसला हो. मी तर राणीच घालवली.

तरी त्याची टीका चालूच. प्रॅक्टिस कधी करतात? पानोपानी नुसते आंघोळ करून शर्ट न घालता हिंडतात, बर्फाच्या देशात, सर्दी होत नाही का? डॉक्टरीण दवाखाना कधी उघडते? पण तुम्हाला म्हणून सांगतो, एकदा मी काही कामानं दुपारी वर गेलो, दार लोटलेलंच होतं, तर हा खिडकीत बसलेला, यंत्र नाकाला लागलेलं, आणि मी आलोय याचा पत्ताच नाही. मी खाकरलो, तर हात वर करून म्हणतो, "थांब रे. शेवटची दोन मिनिटां हत, आणि स्कोर बरोबरीत."

मग त्यानं आणखी एक खुळेपणा केला. गोष्टीत कप्तान आपली जर्सी तिला घालायला देतो, पाठीवर त्याचं नाव, त्याचा नंबर, आणि ती घालून ती मॅचला बसते. सहदेवनं माळा उपसला. ट्रंक काढली, पितळेची भांडी काढली, नितेशचा पाळणा काढला. विमलाबाई आतून विचारतायत, "काय शोधताय?" शेवटी घामाघूम होऊन पलंगाजवळ आला आणि म्हणाला, "माझी गिरणीची जर्सी खंय हा?"

विमलाबाई म्हणाल्या, "हिरवी? पिवळ्या पट्ट्याची? तिनं मी नितेशच्या बारशाची फरशी पुसली. चांगली होती हो, पाणी छान धरायची."

संपलं. प्रेम फरशीला लागलं. पण बघा, माणूस खाली बसला तिथंच, पलंगाच्या कडेला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा विमलाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "तुम्ही वाचताय ना ते पुस्तक? मला कळतं. मी ठेवते त्याच्या पुढच्या पानावर असतं ते उठल्यावर."

सहदेव म्हणाला, "वाचतंय."

"कुठपर्यंत आलात?"

"संपवलंय."

विमलाबाईंनी पायावरची चादर सारखी केली. मग हळूच म्हणाल्या, "मी नाही वाचलं पुढचं. तो मॅचमध्ये पडतो ना, गुडघ्यावर, आणि सगळं स्टेडियम गप्प होतं... तिथं मी थांबले. परत पहिल्यापासून वाचते आणि तिथपर्यंत आले की परत मागे जाते."

"कित्याक?"

"उठलाच नाही तर?"

आता तुम्हीच सांगा, इथं माणसानं काय बोलावं? मोठमोठे वक्ते हरतील. सहदेव कसला वक्ता, तो फुलबॅक. त्याला एकच येतं, बॉल अडवायचा. त्यानं ते यंत्र उचललं, काखेत मारलं, उठला आणि सरळ बाहेरच्या खोलीत जाऊन सोफ्यावर बसला. तिथून म्हणाला, "उठता की नाय ता मी सांगतंय. पण हयसर येवक व्हया."

"अहो, काय पोरखेळ आहे? द्या ते इकडे."

"हयसर ये."

"अक्षता आल्यावर येते."

"अक्षता इली की मी बंद करतलंय. तिच्यासमोर माका वाचूक लाज वाटता."

विमलाबाई चिडल्या. आणि तुम्हाला सांगतो, चिडलेल्या माणसाला गुडघ्याची आठवण राहत नाही. वॉकरची टकटक मी खाली ऐकली, टक... टक... मध्ये बराच वेळ काही नाही, माझा जीव वरखाली... मग पुन्हा टक. पॅसेज ओलांडून बाई बाहेरच्या खोलीत. खुर्चीवर टेकल्या, घाम आलेला, आणि म्हणाल्या, "वाचा."

सहदेवनं वाचलं. म्हणजे इंग्रजी बघायचं आणि मालवणी बोलायचं. त्याचा कप्तान मालवणी, डॉक्टरीण मालवणी, अंपायर मालवणी. "तो उठाक बघता, पण पाय धरणा नाय. तेका वाटता, संपला सगळा." आणि तिथं थांबला. "उरलेला उद्या. गॅलरीत."

दुसऱ्या दिवशी गॅलरीत. मग दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी. प्रियंका आली तेव्हा बघतच राहिली. म्हणाली, "काकू, कसं काय?" विमलाबाई म्हणाल्या, "काय करणार, यांनी कप्तानाला ओलीस ठेवलंय." पोरीनं पाय हातात घेतला तर निमूट वाकवू दिला. दुखत होतं, ओरडल्या, पण वाकवू दिला. कप्तान पण म्हणे असाच ओरडतो पुस्तकात, आणि डॉक्टरीण त्याला सांगते, ओरड, पण थांबू नको.

दाराबाहेर खुर्ची आली म्हणजे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आधी दर्शना थांबली भाजीची पिशवी घेऊन, मग तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी, मग नंदू, बायको काय ऐकते ते बघायला. रोज पाच वाजले की जिन्यात माणसं. पण प्रत्येक पुस्तकात ती तसली पानं असतात ना... तुम्हाला कळलं कसली. सहदेव वाचता वाचता त्या पानांशी आला. ओठ हलले. कान लाल झाले. दोन पानं भराभर उलटली आणि म्हणाला, "हयसर दोन पाना हवामानाची आसत. बर्फ पडलो. पुष्कळ पडलो."

विमलाबाई वरून शांतपणे म्हणाल्या, "तिथं हवामान नाहीये."

जिना असा हसला की सेक्रेटरी खाली आले, तक्रार करायला. ते पण बसले. असं झालं ते. आणि मला विचारतात अडवलं का नाही.

मग पायऱ्या. प्रियंकानं शिकवून ठेवलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. घरातल्या पाटावर चढ-उतार करून झाली होती, पण पाट वेगळा आणि जिना वेगळा. प्रियंका म्हणाली आज उतरू या, मी मागे आहे. सहदेवनं खुर्ची जिन्याच्या मधल्या वळणावर टाकली. कप्तानाची शेवटची मॅच होती. गुडघ्याला पट्टा बांधून बर्फावर उतरायचं, सगळे म्हणतायत उतरू नको, डॉक्टरीण काठावर उभी. सहदेव एक ओळ वाचायचा आणि थांबायचा. विमलाबाई एक पायरी उतरायच्या. पुढची ओळ. पुढची पायरी. आम्ही सगळे श्वास रोखून, कोणी शिंकलंसुद्धा नाही.

आणि मध्यावर विमलाबाई थांबल्या. कठडा घट्ट धरलेला, बोटं पांढरी. खाली बघितलं. चेहरा असा झाला की मला तो कुरिअरवाल्याचा दिवसच आठवला. प्रियंका म्हणाली, "काकू, मी आहे." विमलाबाईंनी मान हलवली, नाही म्हणून. पाय उचलेना. दर्शनानं तोंडावर पदर धरला.

सहदेवनं यंत्र बंद केलं. खुर्चीवर ठेवलं. दोन पायऱ्या वर आला आणि उभा राहिला. हात पुढे केला नाही हं, ते लक्षात घ्या. इतक्या वेळा 'राहू द्या' ऐकलं होतं त्यानं, हात खालीच ठेवला. नुसता उभा राहिला, पाय फाकवून, वजन पुढे टाकून... मी गिरणीची हॉकी बघितली नाही कधी, मी बुलढाण्याकडचा माणूस, मुंबईला आलो तेव्हा गिरण्यांना टाळे लागले होते. पण मला त्या दिवशी कळलं समोरून येणारे वळसा का घालत असतील.

विमलाबाई बघत राहिल्या त्याच्याकडे. मग म्हणाल्या, "नुसते उभे काय राहिलात? हात द्या."

त्यानं दिला. तिनं कठडा सोडला आणि तो हात धरला. आणि उतरली बाई, एक, मग एक, मग एक, वळणावर, आणि तिथून खाली, माझ्या दारावरून, थेट आवारात, बदामाच्या झाडाखालच्या बाकापर्यंत. बाकावर बसली आणि पहिलं वाक्य काय? "कोणी झाडत नाही का इथं? मी आजारी पडले म्हणून पाल्याचा ढीग?" नंदू झाडू आणायला पळाला. दर्शना रडत होती. सेक्रेटरी, झाडणं त्यांच्याकडे असल्यामुळे, दिसेनासे झाले.

सहदेव बाजूला बसला होता. हात अजून तिच्या हातात, विसरल्यासारखा. मी कधी बघितलं नव्हतं त्यांना असं बसलेलं. विमलाबाई म्हणाल्या, "पुढे? जिंकतात?"

"हरतत," सहदेव म्हणाला. "एका गोलान. पण लग्न करतत."

"कुठे?"

"बर्फार."

"पाद्री पण बर्फावर?"

"हा. तेका दोघांनी धरल्यानी."

तर ही गोष्ट. आज विमलाबाई भाजीला जातात, बँकेत जातात, गुडघा असा वाकतो की प्रियंका दुसऱ्या पेशंटांना त्यांचा व्हिडिओ दाखवते. शेवट गोड झाला, नाही का? आता तुम्ही म्हणाल, मग कुंडलिकराव, तुमची तक्रार काय? तक्रार आहे ना. पुस्तक संपलं त्याच संध्याकाळी अक्षता ऑफिसातून आली, सगळ्यांना आवारात बघून चाट पडली, आणि सासूनं पुढचं काय वाचू असं विचारल्यावर लाजत लाजत म्हणाली, "आई, ही सीरिज आहे. टीममधल्या प्रत्येकाचं वेगळं पुस्तक आहे. प्रत्येकाचं वेगळं प्रेम, वेगळं लग्न."

सहदेवनं चष्मा काढला. पुसला. परत घातला. म्हणाला, "टीमीत किती जण?"

"वीस-बावीस असतील, बाबा. राखीव धरून."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. दर्शना दुसऱ्या दिवशी घरून उशी घेऊन आली. आता पाचला जिन्यात जागा मिळत नाही, शेजारच्या विंगचे लोक पण येतात, हवामानाची पानं विमलाबाई स्वतः वाचतात, खणखणीत, इंग्रजीत, ज्याला कळेल त्याला कळेल. आणि माझा कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकून उभा आहे, हाताची घडी घालून. चार महिन्यांत बोर्डाला पावडर लागलेली नाही. सांगा, ही पुस्तकं लिहिणाऱ्या बायांना आमच्यासारख्यांचा विचार नको का करायला? अकरा जणांची टीम केली असती तर काय बिघडलं असतं?

किती वाजले? पावणेपाच? मग मी निघतो, माफ करा, राग मानू नका. आज गोलकीपरचं जमायचंय, आणि उशीर झाला तर सेक्रेटरी माझी पायरी धरतात.